पिशोरचं कोरड्यास

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझं नाव कोरड्यास. भाकरीबरोबर खायला जे केलेलं असेल ते, मग पिठलं असो, डाळ असो की शेवग्याच्या शेंगा, ते सगळं म्हणजे मी. कोरडी भाकर घशाखाली उतरायला जे लागतं ते कोरड्यास, असं पिशोर गावची सारजाबाई सांगायची. माझा याहून वेगळा जन्मदाखला कुणाकडे असेल तर तो मी पाहिलेला नाही.

पिशोरच्या शिवारात माझे दिवस चांगले गेले. निंदणाऱ्या बाया दुपारी लिंबाखाली भाकरी सोडायच्या आणि आधी एकमेकींना विचारायच्या, "तुझं काय कोरड्यास?" मग वाटावाटी व्हायची. आपलं आपणच खाणारीला दिवसभर टोमणे बसायचे.

म्हातारपणी सारजाबाई शहरात, पुंडलिकनगरला लेकीकडे राहायला आली. तिथे मला बोलणारी ती एकटीच. एकदा नातीच्या मैत्रिणी मला ऐकून हसल्या. त्या गेल्यावर लेक मंजुषा हळूच म्हणाली, "आई, भाजी म्हणत जा ना."

सारजाबाई बरं म्हणाली. तेव्हापासून मी तिच्या ओठांपर्यंत यायचो आणि मागे फिरायचो. पुढे पुढे ती नुसतं पातेल्याकडे बोट दाखवायची. दुपारी घरात कुणी नसायचं. ती एकटी जेवायची. ही गेली की आपणही संपलो, एवढं मला कळत होतं.

मागच्या महिन्यात ती गेली. त्या दिवशी घरात गॅस पेटवायचा नव्हता, म्हणून रिवाजाप्रमाणे शेजारची मेघा जेवण घेऊन आली. "ताई, भाकरी आन् थोडी भाजी आणलीय."

मंजुषाने तिच्या हातातलं पातेलं घेऊन झाकण काढलं. मग म्हणाली, "आई याला कोरड्यास म्हणायची."

मेघा खाली बसली. "आमच्यातबी तेच म्हणत्यात. तुमच्याकडं आलं की मी मुद्दाम भाजी म्हणायची. तुम्ही शिकलेल्या, हसताल म्हणून."

एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना मी आठ वर्षं गप्प होतो. मेघाही दुपारी एकटीच जेवायची. मंजुषाने भाकरीचा तुकडा मोडला, पण तो तिच्या हातातच राहिला.

मित्रांनो, मला कोशात लिहून ठेवलंत तर बरंच आहे. पण तिथे मला कुणी जेवायला बोलावत नाही. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस काही वेगळं बोललं, तर त्याला दुरुस्त करू नका. आपलं ताट घेऊन त्याच्याशेजारी बसा. ते माणूस आहे तोवरच हे जमतं.