भंडाऱ्याची आण

कळंबच्या वस्तीवर दसऱ्याला बिरोबाचा नैवेद्य कोणी करायचा, याचा नियम जुना होता. जिची पाळी कायमची गेली आहे तिनंच पुरण शिजवायचं आणि तिनंच ताट घेऊन देवळाची पायरी चढायची. मेंढरं गेली, कालव्याच्या फाट्याचं पाणी आलं, माळावर ऊस उभा राहिला, पण हा नियम काही हलला नाही. भागूबाईला तो मान मिळाल्यापासून तिचा तोरा असा, की नवरा बिरूसुद्धा तिच्याशी बोलण्याआधी खाकरायचा. शेजारची साखरबाई तिच्याच वयाची. तिचं पुरण पातळ होतं, असं भागूबाई साऱ्या वस्तीला सांगायची. कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला मात्र भागूबाईनं हाताला फडकं गुंडाळलं, भाजलंय म्हणाली, आणि नैवेद्य साखरबाईकडे दिला. साखरबाईनं तो मान असा उचलला, जणू वर्षानुवर्षं पदर खोचूनच बसली होती.

हात भाजलाच नव्हता. इतक्या वर्षांनी भागूबाईच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं होतं. आधी थेंब, मग डाग, मग ओटीपोटात कळ. तिनं मनाशी एकच अर्थ लावला: देवानं मान परत काढून घेतला, विटाळ परत पाठवला. काय चुकलं ते तिला आठवेना. साखरबाईच्या पुरणाला नावं ठेवली, एवढ्यासाठी देव इतका रागावेल असं वाटत नव्हतं, पण देवाचं काय सांगावं. ती देव्हाऱ्यापासून लांब राहू लागली आणि फडकी धुऊन गोठ्यामागं, जुन्या लुगड्याखाली वाळत घालू लागली.

सून रोहिणी सांगवीची, भागूबाईच्या भावाचीच लेक. दहावी झालेली, डोळे चौफेर. तिनं ती फडकी पाहिली आणि सरळ विचारलं, “आत्या, हे तुमचं हाय का?”

भागूबाई कडाडली. “बोंबल आता! जा, साखरबाईला सांगून ये!” मग एकदम आवाज बसला. “देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी आण. म्या शिवायची न्हाय, तूच आण. उचल भंडारा आन् म्हण, घरात आन् गावात कुणाला सांगणार न्हाय.”

रोहिणीनं पिवळीधमक हळद चिमटीत धरली आणि तसं म्हटलं. भंडारा उचलून घेतलेली आण मोडायची नाही, हे धनगराच्या पोराला दुधाबरोबर कळतं. मोडली तर घरावर काय येतं, याच्या गोष्टी तिनंही ऐकल्या होत्या. तिनं नवऱ्याला, रविराजलासुद्धा सांगितलं नाही. तो वालचंदनगरला कारखान्यात पाळीला जायचा, येऊन झोपायचा. बायको आतल्या आत झुरते आहे, हे त्याला कुठलं कळायला.

थंडी सरली. भागूबाई वाळत चालली. कंबर धरून उठायची, कंबर धरून बसायची. रोहिणी कधी काही बोलू लागली की ती नुसतं देव्हाऱ्याकडे बोट दाखवायची. आपण या बाईला वाचवतोय की मारतोय, हे रोहिणीला कळेनासं झालं. रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता.

मार्चमध्ये शाळेत बायकांच्या तपासणीचं शिबिर लागलं. बारामतीहून डॉक्टर वनारसे बाई आल्या होत्या. वस्तीवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. कसलं मेलं ते दाखवायचं! रोहिणी एकटी गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला आधी सगळं समजावलं. गर्भाशयाच्या तोंडाला कापसाच्या बोळ्यानं व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि दिव्याच्या उजेडात बघायचं. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी. मोठं यंत्र नको, शहर नको. खेडोपाडी कॅन्सर व्हायच्या आधीच हेरता येतो का, हे सध्या आपल्या देशात पडताळून बघतायत, असंही त्या म्हणाल्या.

रोहिणीला डाग नव्हता. ती उठली, पण जाईना.

“बाई, तुमी कळंबच्या न्हाय ना?”

“नाही. बारामतीची.”

“आमच्या घरच्याबी न्हाय?”

“ते कसं असेन गं?” डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या.

“मग तुमाला सांगाय हरकत न्हाय,” म्हणून रोहिणी रडायलाच लागली.

दुपारी डॉक्टरीणबाई पाणी प्यायला म्हणून घरी आल्या आणि भागूबाईशेजारी घोंगडीवर बसल्या. त्यांनी विषय काढताच भागूबाईनं सुनेकडे असं पाहिलं, की चूल विझावी.

“भंडारा उचलला व्हतास की गं!”

“उचलला व्हता, आत्या. घरात न्हाय, गावात न्हाय. बाई बारामतीच्या हायत.”

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं, मग भागूबाईचा हात हातात घेतला. “भागूबाई, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं, तर ती पाळी नसते आणि विटाळही नसतो. आत कुठंतरी दुखणं आहे, ते सांगत असतं. प्रत्येक वेळी वाईटच असतं असं नाही. पण बघितल्याशिवाय कळत नाही.”

“मंग द्येव रागावला न्हाय?”

“त्यातलं मला कळत नाही. पण तुमच्या सुनेला त्यानं चांगली अक्कल दिलीय, एवढं दिसतंय.”

इतके महिने भागूबाई देवाला तोंड दाखवत नव्हती, आणि ही परकी बाई सांगत होती की तोंड लपवायचं कारणच नव्हतं. मग तिला संताप आला, तो स्वतःचाच. ती उठली आणि म्हणाली, “चला, काय बघायचं ते बघा.”

तिला व्हिनेगरची गरज लागली नाही. डॉक्टरीणबाईंना नुसत्या डोळ्यांना गाठ दिसली. बारामतीला नेऊन तुकडा काढला, तपासायला पाठवला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. लांब पसरला नव्हता, पण आणखी एखादं वर्ष लपवला असता तर पसरला असता. पुण्याला जायचं ठरलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी शेकाचं सांगितलं, मशीनच्या किरणांचा. सोबत दर आठवड्याला सलाईनमधून एक औषध. “मागच्या वर्षी आला असता तर आम्ही नुसता शेक दिला असता,” ते म्हणाले. “या वर्षी परदेशातल्या मोठ्या चाचण्यांचा निकाल लागला. दोन्ही एकदम दिलं की जास्त बायका वाचतात.”

“ह्ये कसं कळलं?” भागूबाईनं विचारलं. तिला कुणाचंही बोलणं असंच मानून घ्यायची सवय नव्हती.

“शेकडो बायका चाचणीत राहिल्या. काहींना जुना उपचार दिला, काहींना नवा. मग ताडून बघितलं.”

“आन् जुना मिळाला त्या बायांचं?”

“त्यातल्याही पुष्कळ बऱ्या झाल्या. काही नाही झाल्या.”

भागूबाईनं पदरानं डोळे पुसले. कुठल्या मुलखातल्या, कुठल्या जातीच्या, नाव ना गाव. त्या तिथं झोपल्या म्हणून आपण इथं उठणार, हे तिला फार मोठं वाटलं. “त्येंचं बी द्येवाला सांगाय पायजे,” ती रोहिणीला म्हणाली.

तो उन्हाळा वाईट गेला. ओकाऱ्या, जुलाब, अंगात त्राण नाही. रोहिणी उशाशी, बिरू वॉर्डाबाहेर घोंगडी टाकून. मेंढरामागं रानोमाळ झोपलेला गडी, त्याला फरशीचं काय. नर्सनं हाकललं की तो उठायचा, आणि ती वळली की पुन्हा बसायचा. भागूबाई चिडचिड करायची, पेजेला नावं ठेवायची. पेजेला नावं ठेवली त्या दिवशी रोहिणीला हायसं वाटलं. आत्या परत येतेय हे तिनं ओळखलं.

आखाडात भागूबाई घरी आली. लाज तर पुण्यालाच राहिली होती. ती दारोदार गेली आणि बायकांना हाताला धरून दुसऱ्या शिबिराला घेऊन गेली. साखरबाईच्या सुनेला पांढरा डाग निघाला. कॅन्सर झाला नव्हता, पण पुढं होऊ शकला असता. बारामतीला गार वायूनं तो भाग गोठवला आणि पोरगी त्याच संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापायला बसली. त्या दिवसापासून साखरबाई भागूबाईला काही बोलायची झाली की आधी खाकरू लागली.

दसरा आला. डॉक्टरांनी तपासून, आता काही दिसत नाही, असं सांगितलं होतं. साखरबाई स्वतः डाळ घेऊन आली. “ह्या साली तूच कर बाई. माझं पातळच व्हतंय.”

भागूबाईनं पुरण केलं. ताट भरलं. घरासमोरच्या देवळापुढं ढोल वाजू लागले, बिरूच्या गळ्यातला सगळ्यांत जोरात. भंडाऱ्याची वाटी घेऊन ती दाराबाहेर आली, तर रोहिणी ओट्याच्या कडेला, सगळ्यांपासून लांब, अंग चोरून बसलेली.

“अशी का बसलीस?”

“आत्या, सकाळीच अडचण आली.”

भागूबाई तिच्याकडे बघत राहिली. असंच अंग चोरून आपण गोठ्यामागं बसत होतो. तेव्हा ही पोरगी भंडाऱ्याची भीती पोटात घेऊन डॉक्टरीणबाईपाशी गेली नसती, तर आज हे ताट, हा ढोल, यातलं काहीच आपल्याला नव्हतं.

तिनं चिमूटभर भंडारा आधी वाऱ्यावर उधळला. “ह्यो त्या परमुलखातल्या बायांचा,” ती म्हणाली. मग वाकून मूठभर भंडारा रोहिणीच्या कपाळाला फासला.

“ऊठ. ताट तू घे.”

साखरबाई पुढं झाली. “अगं भागू, तिला अडचण हाय! आन् तिची पाळी जायला अजून जलम हाय!”

“ठावं हाय. रगताला भिऊन म्या गप बसले आन् मरत व्हते. हिनं तोंड उघडलं म्हणून जगले. मान माझा हाय ना? मंग तो म्या हिला दिला. द्येवाचं काय म्हणणं असंल तर द्येव मला इचारंल.”

ढोल थांबले. सगळी वस्ती बिरूकडे पाहू लागली. बिरू खाकरला. मग त्यानं भागूबाईकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि टिपरू पुन्हा ढोलावर मारलं.

रोहिणी उठून उभी राहिली. भागूबाईनं आतलं ताट आणून तिच्या डोक्यावर ठेवलं आणि पडू नये म्हणून एका बाजूनं स्वतः धरलं.

“चल बाय,” ती म्हणाली, “पुरण निवतंय.”