उजवी दाढ

यंत्राचा दाब वाढायला लागला आणि दातांच्या डॉक्टरीणबाईने पुढे वाकून बघितलं. कट्ट! आणखी एक पांढरी दाढ फुटली. पांढरी म्हणजे नव्या, पांढऱ्या मसाल्याने भरलेली. चांदी भरलेल्या दाढा याच दाबाखाली मख्ख बसून राहिल्या होत्या, आणि ही मंडळी एकामागून एक माना टाकत होती.

लोकांच्या काढलेल्या दाढा आणायच्या, काहींत चांदी, काहींत नवा मसाला भरायचा आणि कोण जास्त दाब सोसतं ते बघायचं, असा तिचा अभ्यास. तो रखडला तर रखडो मेला! पण हाच मसाला तिने मोठ्या तोऱ्यात स्वतःच्या बाबांच्या उजव्या दाढेत भरला होता. त्या बाजूला चावायला त्यांना तेवढी एकच दाढ उरलेली. "चांदी कसली भरून घेताय, बाबा? गेला तो जमाना," असं वर ऐकवलंही होतं. कुठून ही दुर्बुद्धी सुचली, असं तिला झालं.

तिने घरी फोन लावला. "बाबा, दाढ कशी आहे?"

"झकास! बदाम फोडतोय."

"अहो, नका फोडू!"

"बरं बाई, नाही फोडत."

तरी जीव थाऱ्यावर येईना. पांढऱ्या दाढांची बरणी उचलली, तर आत पाण्याचा टिपूस नाही! दाढा सुकल्या की ठिसूळ होतात, म्हणून त्या कायम पाण्यात ठेवायच्या. झाकण तिनेच सैल ठेवलं होतं. सगळी मेहनत वाया गेली, तरी तिला हायसं वाटलं. मसाल्याचा दोष नसेलही!

संध्याकाळी घरी आली तेव्हा बाबा जेवत होते. घास डाव्या गालात होता. तिला बघून ते चपापले, घास घाईघाईने उजवीकडे नेला आणि कळ येऊन डोळे मिटले.

"आ करा."

"अगं, जेवू तर दे."

"बाबा, आ करा!"

तिने टॉर्च धरला. मसाला अर्धा उडालेला, दाढ पार मुळापर्यंत चिरलेली.

"कधीपासून?"

"भरलीस त्याच महिन्यात तुकडा पडला. तू एवढी खुशीत होतीस. म्हटलं, आधी तिचा अभ्यास आटपू दे."

"तेव्हाच सांगितलं असतंत तर वाचली असती हो! आता काढावीच लागेल."

बाबा ओशाळून हसले. "काढ की. तुझ्या यंत्राला तेवढीच एक दाढ मिळेल."

चिरलेली दाढ यंत्राला चालत नाही. तिने टॉर्च विझवला आणि त्यांच्या ताटातली पोळी आमटीत बारीक कुस्करून दिली.