मेल्यानंतरचं हसू

माझा मरणाचा शॉट सोमवारी झाला आणि गुरुवारपासून माझ्या अंगाला वास यायला लागला. चूक युनिटची. मेलेल्याचं काम केलं की लगेच कॅमेऱ्यात बघून हसायचं, ही आपल्या सिनेमावाल्यांची रीत. त्याशिवाय मरण अंगावरून उतरत नाही. पण आमच्या दिग्दर्शकांना, धोंडसाहेबांना, जुन्या इंग्रजी कादंबरीवरच्या सिनेमात कुणी दात काढलेले खपणार नव्हते. त्यांनी थेट पॅकअप केलं.

माझ्या अंगात उमरावाच्या बायकोचा मखमली झगा होता. तो पाठीला चिकटला. ओढला की कातडी सायीसारखी सुटून येई. मेकअपमन बाबल नाकाला रुमाल बांधून माझ्या गालावर मेण थापायचा.

"वृंदाताई, बोलू नका. गाल सुटतोय."

"आधी माझं हसू घ्यायला सांग त्यांना."

"सांगितलं. साहेब म्हणाले, बाई आत्ता कुठे खरी दिसायला लागलीय."

धोंडसाहेब रोज माझे क्लोजअप घेत. कानातून अळी बाहेर आली की चिमट्याने तिला कालच्याच जागी ठेवत. "कंटिन्युइटी चुकता कामा नये," म्हणत. मला त्या माणसाची शिसारी आली. स्वतःची तर त्याहून जास्त.

शनिवारी माझी मुलगी रेवती मला न्यायला आली. सेटच्या दारातच तिने ओढणी नाकाला लावली.

"आई, घरी चल."

"हसल्याशिवाय सुटका नाही गं."

ती धोंडसाहेबांच्या पाया पडली, तेव्हा कुठे कॅमेरा लागला. मी हसले. ओठ दातांवरून घसरले आणि मांडीवर पडले. रेवती कोपऱ्यात जाऊन ओकली.

"हे काही हसू म्हणता येणार नाही," कॅमेरामन म्हणाला.

धोंडसाहेब रेवतीकडे बघत राहिले. "जिवणी आईचीच आहे. हिचं हसू चालेल."

"मग आईला सोडाल?"

"लगेच."

मी तिला 'पळ' म्हणायला गेले. ओठांशिवाय तो शब्द होईना, नुसती घाण हवा बाहेर आली. बाबलने झगा माझ्या अंगावरून सोलला आणि तसाच ओला तिच्या डोक्यातून घातला. तिने डोळे पुसले आणि हसायला तोंड उघडलं.

"आत्ता नाही, बाळ," धोंडसाहेब म्हणाले. "आधी मरायचा शॉट."

त्यांनी पलंगावरची माझी जागा थोपटली. रेवती आडवी झाली, तिने डोळे मिटले. मखमलीतून एक अळी निघाली आणि तिच्या गळ्यावरून चढू लागली. धोंडसाहेबांनी चिमटा उचलला.