यंत्राला गिटार सहन होत नाही

तर ऐका, ठमीच्या घरी रविवारी सकाळी चहाचे कप उचलले की गाण्यांची पाळी सुरू व्हायची. ज्याची पाळी त्यानं जगाच्या पाठीवरचं कुठलंही एक गाणं लावायचं, आणि ते संपेपर्यंत बाकीच्यांनी तोंडातून ब्र काढायचा नाही. ठमी कोरियातलं काहीतरी उड्या मारणारं लावायची. आई ब्राझीलच्या कुणा बाईच्या आवाजात पार बुडून जायची. आणि बाबा? बाबांची पाळी म्हणजे गिटार! फिनलंड असो, तुर्कस्तान असो, माली असो, मधे गिटारवाला एक लांबलचक सूर धरून ठेवणार आणि बाबा डोळे मिटून घेणार. आता हे बाबा म्हणजे शाळेत गणिताचे सर, बरं का! त्यांची चाहूल लागली की वर्गातला पंखासुद्धा जपून फिरायचा म्हणे. त्यांचं हे रॉकचं वेड घराबाहेर चिटपाखराला माहीत नव्हतं.

मग बाबांना कमी ऐकू यायला लागलं. हो-नाही करता करता कानांना यंत्रं बसली आणि काय सांगू, बोलणं एकदम खणखणीत! शेजारचं भांडणसुद्धा घरबसल्या. आई म्हणाली, "झालं, आता मला मनातल्या मनातच पुटपुटावं लागणार."

पण पुढच्याच रविवारी पाळी आली तर बाबा म्हणाले, "आज नको, तुम्ही दोघीच ऐका." त्याच्या पुढच्या रविवारी तर गाणं लागायच्या आतच पेपर घेऊन बाल्कनीत.  ठमी गेली त्यांच्या मागोमाग.

"बाबा, रागावलात का आमच्यावर?"

"छे गं." बाबा पेपरची घडी घालत बसले. नीट घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. "ठमे, माझी गाणी गेली."

"गेली म्हणजे?"

"तो लांब सूर असतो ना, तो आता थरथरतो, चिरकतो, मधेच गायब होतो. यंत्र काढून ऐकावं तर भिंतीपलीकडून यावी तशी नुसती धडधड. आणि बोलणं तर सगळं कळतंय! म्हणजे यंत्र ठणठणीत आहे. माझ्याच डोक्यातलं काहीतरी बिघडलंय. व्हायचंच कधीतरी."

"व्हायचंच कधीतरी" हे बाबांनी इतक्या शांतपणे म्हटलं, की ठमीला तिथेच रडू फुटणार होतं. दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेजला दांडी मारली आणि बाबांना अक्षरशः ओढत यंत्रवाल्याकडे नेलं.

हा यंत्रवाला बाबांचा जुना विद्यार्थी. सर दिसल्याबरोबर गडी खुर्चीतून ताडकन उभा! ठमीनं एका दमात सगळं सांगितलं. त्यानं यंत्रं कॉम्प्युटरला जोडली, पडद्यावर पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"सर, पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, काय काय ऐकता? तुम्ही म्हणालात, बातम्या आणि व्याख्यानं."

ठमी गर्रकन वळली. "व्याख्यानं? बाबा, तुम्ही?"

बाबा भिंतीवरचं कानाचं चित्र फार बारकाईनं बघायला लागले.

"बाबा!"

"अगं, बाकावर बोटं वाजवतो म्हणून मी ह्याला तासभर उभं केलं होतं! आता ह्याच्यासमोर कुठल्या तोंडानं सांगू, मी रॉक ऐकतो म्हणून?"

यंत्रवाल्याचा आ वासला तो मिटेचना. मग तो असा हसला, असा हसला, की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अहो सर, ह्या यंत्रांना शिट्टी वाजायची खोड असते. ती दाबायची सोय आतच असते. तुमचा गिटारवाला सूर धरतो, यंत्राला वाटतं शिट्टी सुरू झाली, की दाबलाच त्याचा गळा! गाण्यांसाठी सेटिंग वेगळं असतं. नुसतं गाणी म्हणाला असतात तरी त्याच दिवशी करून दिलं असतं."

"म्हणजे माझं डोकं..."

"शाबूत आहे, सर. फक्त अगदी पूर्वीसारखं ऐकू येईल असं नाही हं. लावून बघू."

ठमीनं फोनवर फिनलंडवालं गाणं लावलं. घाईघाईत आधी भलतंच लागलं. मग ढोल, मग तो घोगरा गाणारा, आणि मग गिटार. सूर लागला. लांबला. आणखी लांबला. ठमीनं श्वास रोखून धरलेला, बाबांचा चेहरा मख्ख.

"ढोल जरा पत्र्याचे वाटतायत," बाबा म्हणाले.  "पण गिटार आहे गं. सबंध आहे."

ठमी धावतच बाहेर आली, बाकावर मटकन बसली आणि आईला फोन लावला. "आई, बाबांचं डोकं शाबूत आहे!"

 पलीकडे आईनं एवढा मोठा श्वास सोडला, की फोनमध्ये वारा सुटला.

"लेखी घे त्याच्याकडून," आई म्हणाली आणि नाक ओढलं.

ठमी हसतेय, रडतेय, तिचं तिलाच कळेना. आणि आतून बाबांचा वर्गातला आवाज येत होता, "हे काहीच नाही रे! बस खाली, तुला तुर्कस्तानचं ऐकवतो."