पलंगावरून पडली

डॉक्टरांनी बिस्कीट ढब्बूच्या डाव्या हातापाशी नेलं. अडीच वर्षांच्या ढब्बूने तोंड पुढे केलं, उजवा हात पुढे केला, पण डावा काही हलवला नाही. तो नुसता लोंबत होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

“झालं काय नेमकं? कुणी ओढला का हात?”

“छे हो!” आई म्हणाली. “पलंगावरून पडली.”

शेजारी उभ्या ताईने चपलेच्या अंगठ्यात पायाचं बोट घट्ट आवळलं. सकाळी ढब्बू जिन्यातच फतकल मारून बसली होती. बाबांना उशीर होत होता. त्यांनी तिला एका हाताने खसकन वर ओढलं आणि ती जी किंचाळली! येताना आईने ताईला बजावलं होतं, पडली म्हणायचं, बाबांना उगाच बोल लागायला नको.

“पडली असेल तर आधी हाड मोडलंय का ते बघायला हवं,” डॉक्टर म्हणाल्या. “एक्स-रे काढा. त्याशिवाय मी हात वळवणार नाही.”

एक्स-रेच्या थंडगार खोलीत ढब्बूने दवाखाना डोक्यावर घेतला. ताई तिचे पाय धरून माकडासारखी तोंडं करत राहिली. फोटो काढणाऱ्या काकांनी कोपर नीट ठेवायला ढब्बूचा तळहात वर वळवला, आणि बारीकसं ‘कट्’ झालं.

“अरेच्चा!” काका म्हणाले.

थोड्याच वेळात ढब्बू डाव्या हाताने डॉक्टरांचा स्टेथोस्कोप ओढत होती.

“हाड धडधाकट आहे,” डॉक्टर फोटो बघत म्हणाल्या. “कोपराचा सांधा निसटला होता, तो फोटो काढतानाच बसला. पडून असं सहसा होत नाही. हात ओढला की होतं. खरं सांगितलं असतंत तर मी इथेच बसवला असता, एवढं रडवलं नसतं पोरीला.”

दारात उभ्या बाबांचा मोबाइलवरचा अंगठा थांबला.

“मग हिनेच ओढला असेल,” आई ताईकडे बोट करून म्हणाली. “दिवसभर धिंगाणा दोघींचा! सांगून सांगून थकले.”

ताईला हसूच आलं. आई गंमत करतेय असं वाटलं तिला. पण आई पर्सची चेन उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती.

“एवढी मोठी तू, कळायला हवं,” डॉक्टर ताईला म्हणाल्या. “एकदा निसटला की पुन्हा निसटू शकतो. हाताला धरून उचलायचं नाही. काखेत धरायचं. दाखव बघू.”

ताईने दोन्ही काखांत हात घालून ढब्बूला उचललं, रोज उचलायची तसंच. ढब्बूने ओलं बिस्कीट तिच्या केसांत चोळलं.

“आता तरी शिकलीस ना?” बाबा म्हणाले.

ताईचे कान तापले.

“हो बाबा. आता तुम्ही पण उचलून दाखवा ना डॉक्टरांना.”

“काहीतरीच काय!” बाबा हसले. एकटेच.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“या ना,” त्या म्हणाल्या. “या पुढे.”

“घरी चल तू,” आई दातांतल्या दातांत ताईला म्हणाली.