पगार विचारला की पोहे

कांदा निवडता निवडता गेणूनं एक सडका कांदा भिरकावला, तो कांदाचाळीच्या कुडावर जाऊन फुटला.

"बारावी काढून डिप्लोमा करती, वायरी जोडती म्हणं. इंजिनेरिंगची डिग्रीच करायची, खासगी कॉलेजात. बँक कर्ज देती."

"कर्ज माझ्या नावावर ना, आबा?" वेदिका म्हणाली. "सरकारी डिप्लोमाला फी थोडी. दोन्हीकडून शिकून निघालेल्यांना पगार किती आन हप्ता किती, तेवढं तरी विचारू. शुक्रवारी अ‍ॅडमिशन बंद होतंय."

"कॉलेजच्या फाटकावर लिहिलंय की पॅकेज."

लिहिलंय खरं. एकाच पोराचा फोटो आणि खाली लाखांचा आकडा. बाकीची पोरं कुठं गेली, ते फाटक सांगत नाही. ट्रॉलीतला वरचा कांदा बघून व्यापारीसुद्धा भाव बोलत नाही, खालून उपसून बघतो. आपण मात्र पोटची पोर एका फोटोवर टाकून मोकळे.

रविवारी मालनबाई लेकीला घेऊन चौकशीला निघाली. पहिलं घर नवसाबाईचं. तिचा हर्षल त्याच खासगी कॉलेजातून डिग्री घेऊन अंबडला कंपनीत लागलेला.

"पगार किती पडतो रं, बाबा?" मालनबाईनं बसल्या बसल्या विचारलं.

नवसाबाईनं एकदा वेदिकेकडं पाहिलं आणि ती चुलीकडं पळाली. हर्षल आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आला. "पन्नास हजार, काकू."

"आन कर्ज?"

"कधीच फिटलं."

पोहे आले. वर खोबरं.

दुसरं घर रविराजचं. हा सरकारी डिप्लोमावाला. तिथंही शर्ट बदलला, तिथंही पोहे. पगार पंचेचाळीस.

वाटेत वेदिका हसायला लागली. "आई, त्यांना वाटलं, तू मला दाखवायला आणली."

चूक मालनबाईचीच. गावात पोरांना मुली मिळेनात. लेक सोबत घेऊन पगार विचारला, तर खरा आकडा कोण सांगेल? झाकली मूठ सव्वा लाखाची.

गेणू मात्र फुगला. "पन्नास ते पन्नास. डिग्रीच."

"बरं," वेदिका म्हणाली. "मग पहिली फी हर्षलकडूनच उसनी आणा, आबा. नाय दिली तर रविराजकडं जा."

गेणू संध्याकाळी ताठ मानेनं गेला. आला तो खाली बघत. चाळीत बसला, कांदा हातात घेतला, तसाच ठेवला.

"काय म्हणाला हर्षल?" मालनबाईनं विचारलं.

"हातात अठरा येतात म्हणं. अकरा हप्त्याला जातात. अजून सहा वर्षं." गेणूनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "खोलीचं भाडं नवसाबाई पाठवती इथून. शेळ्या विकून."

"आन रविराज?"

"बावीस येतात. हप्ता नाय कशाचा. पाच हजार काढून दिले लगेच, बाकीचे पुढच्या पगाराला देतो म्हणला."

वेदिकेनं सडके कांदे बाजूला सारले.

"उद्या किती वाजता निघायचं?" गेणू म्हणाला. "सरकारीकडं."

"सातच्या एसटीनं."

"आन ते पाच हजार परत करा आधी," मालनबाई म्हणाली. "आपल्याला काय करायचेत?"

"तिथंच परत देत होतो. घेईना. म्हणला, घाई नाय, रविवारी मीच येतो घरी. आईला घेऊन."

मालनबाईनं कपाळाला हात लावला.

"येऊ दे की," वेदिका कांदा पारखत म्हणाली. "पैसे देऊ, चहा पाजू. पोहे तेवढे करू नको."