ताईंच्या व्हॅनला गोल भोक

गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणाऱ्या डेंटरच्या थोरल्या मेहुणीने साठी उलटल्यावर जुनी व्हॅन घ्यायची ठरवली, तेव्हा घरातले सगळे हसले. मग ती व्हॅन खरोखरच दारात येऊन उभी राहिली आणि सगळे गप्प झाले.

मेहुणीला आसपासची सगळी माणसं ताई म्हणत. पहिल्या मजल्यावर त्यांचं केस कापायचं दुकान होतं. बायका यायच्या, पुरुष यायचे, शाळेत जायच्या आधी रडणारी पोरं यायची. पण गिऱ्हाइकं ताईंच्या बरोबरीनेच म्हातारी झाली. कुणाचे गुडघे गेले, कुणाला चक्कर येऊ लागली, जिना चढणं होईना. ताई मग पिशवीत कात्री घेऊन घरोघर जाऊ लागल्या. तिथे केस अंथरुणावर पडत, सुनांची तोंडं वाकडी होत आणि पलंगावरच्या माणसावर ओणवं होऊन ताईंचीच कंबर धरत असे. तेव्हा त्यांनी ठरवलं, दुकानच दारापर्यंत न्यायचं.

व्हॅनमध्ये खुर्ची बसली, आरसा बसला, चाकाची खुर्ची वर घ्यायला मागे उतरती फळी लागली. फक्त हवेची सोय नव्हती. दार लावून जरा वेळ बसलं की आत भट्टी व्हायची, त्यात केसांच्या रंगाचा वास. म्हणून ताईंनी छतावर बसवायचा एक गोल पंखा आणला, वर झाकण असलेला. तो घेऊन त्या बहिणीच्या घरी आल्या.

"भाऊजी, एक काम होतं तुमच्याकडे."

डेंटर खुर्चीतून उठून उभाच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ताईंनी त्याला कधी काही मागितलं नव्हतं. त्याला त्यांची जरा भीतीच वाटायची. मुलगी बघायला आला होता त्या दिवशी सगळ्यांनी त्याला धंदा, घर, तब्येत असं काय काय विचारलं होतं. ताईंनी एवढंच विचारलं होतं, "नखं कधी कापता?" तेव्हापासून त्यांच्यासमोर तो हात मागे घेऊनच उभा राहायचा.

"छताला भोक पाडायचंय," ताई म्हणाल्या.

"बुजवायचंय?"

"पाडायचंय. गोल. जेवणाच्या ताटाएवढं."

डेंटरने सगळं आयुष्य भोकं बुजवण्यात घालवलं होतं. गंजाने खाल्लेली भोकं, खांबाला धडकून फाटलेले दरवाजे, चेपलेली टपं. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून त्याने गॅरेज बंद केलं आणि त्यानंतर तो घरात बसून चांगल्या चालणाऱ्या वस्तू दुरुस्त करत होता. बायकोचं शिवणयंत्र त्याने इतक्या वेळा उघडलं होतं की ती आता यंत्रावर चादर टाकून वर स्वतःच बसायची.

"पाडतो," तो म्हणाला. आणि त्या गेल्यावर बायकोला म्हणाला, "अगं, धडधाकट पत्रा आहे तो. धडधाकट माणसाचं पोट फाडायला सांगतायत!"

"मग नाही म्हणायचं होतं."

"त्यांना? मी?"

ही बातमी समोरच्या वेल्डरला लागली. तो चहाचा पेला हातात घेऊनच आला. "त्यात काय एवढं? गॅस कटर आणतो, भुर्रकन उडवतो."

"छत आहे ते, फाटक नाही," डेंटर म्हणाला. "पातळ पत्र्याला एवढी आच दिली तर तो वाळल्या पानासारखा वाकडा होईल. रंग जळेल तो वेगळाच."

"मग होलसॉ लाव ड्रिलला, ती गोल करवत."

"एवढा मोठा? एकदा अडकला की भोक राहील बाजूला, मनगट फिरेल गरगर."

वेल्डरला हे पटलं, पण चहा संपेपर्यंत तो गेला नाही.

जिगसॉ, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या पात्याची हातातली करवत लावायची, हे डेंटरने मनाशी ठरवलं होतं. अडचण अशी की जिगसॉने त्याने आजवर जे कापलं ते सगळं नंतर वेल्डिंगखाली आणि लांबीच्या लेपाखाली झाकलं जायचं. इथे काठच महत्त्वाचा होता. पंख्याखालचं रबर त्याच्यावर बसणार, काठ वेडावाकडा झाला की पाणी आत. म्हणून त्याने माळ्यावरून एक जुनं बॉनेट काढलं आणि अंगणात सराव सुरू केला.

पहिलं भोक उंदराने कुरतडल्यासारखं झालं. पत्रा पात्याबरोबर वर-खाली थडथडत होता, आणि जाड दात त्याला कापण्याऐवजी ओरबाडत होते. डेंटरने बारीक दातांचं पातं लावलं. पत्र्याखाली फळी दिली. वर चिकटपट्टी लावली, म्हणजे यंत्राच्या तळाने रंगावर ओरखडे उठू नयेत. यंत्राचा वेग कमी केला आणि रेघेवर थेंब थेंब तेल सोडत गेला. पुढचं भोक बरं झालं. त्याच्या पुढचं अजून बरं. मग तो थांबेचना. बॉनेटची चाळण झाली तेव्हा बायको दारातून म्हणाली, "ताईचं काम करायचंय की पिठाची गिरणी काढायचीय?"

पण खूप दिवसांनी तो जेवताना बोलत होता, आणि शिवणयंत्राकडे त्याने बघितलंही नव्हतं. बॉनेटचा एक कोपरा अजून मोकळा होता, तो तिने बोटाने दाखवला. "इथं राहिलंय एक."

कामाच्या दिवशी सकाळीच ताई व्हॅन घेऊन आल्या. डेंटरने आधी आतलं अस्तर उतरवलं. छताला आतून आडव्या पट्ट्या होत्या आणि एका बाजूने दिव्याची वायर गेली होती. ते दोन्ही टाळून त्याने दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा धरली, मध्यावर टोच्याने खूण केली आणि आतून एक बारीक भोक पाडलं. आता केंद्र बाहेरूनही दिसत होतं. व्हॅनच्या दोन्ही बाजूंना लाकडी घोडे उभे करून त्याने छताच्या वरून आडवी फळी टाकली आणि तिच्यावर पालथा झोपला. गुडघ्यांना हीच एक सोय परवडणारी होती. एका पट्टीच्या टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला पेन्सिल, असा कंपास त्याने बनवला होता. त्याने झकास गोल काढला.

बायको स्टुलावर उभी राहून बघत होती. तिने गळ्यातली मापाची टेप काढून गोलावर धरली, मग खाली उतरून पंख्याला लावली.

"अहो, हे माप कशाचं घेतलंत?"

"पंख्याचं. आणखी कशाचं घेणार?"

"पंख्याच्या या बाहेरच्या कडेचं ना?" तिने पंखा उलटा करून त्याला दाखवला. "ही कॉलर झाली. ही पत्र्यावर टेकून बसणार. भोकातून आत जाणार तो हा गळा. कॉलरच्या मापाने गळा कापलात तर पंखा थेट ताईच्या खुर्चीत येऊन बसेल!"

डेंटरने पंख्याकडे बघितलं. गोलाकडे बघितलं. इतके दिवस सराव केला, आणि माप घेताना टेप नुसती वरून टाकली होती. त्याचे कान लाल झाले. खाली ताई उभ्या होत्या. आता त्या काय म्हणतात, या धाकाने तो फळीवर तसाच पडून राहिला.

ताई बहिणीला म्हणाल्या, "बरं झालं तू होतीस. मी तर कॉलर वगैरे काही बघितलंच नसतं." आणि त्यांनी खोडरबर वर दिलं.

दुसरा गोल गळ्यापेक्षा नखभर मोठा निघाला. बायकोने दोनदा मापला, तेव्हा कुठे मान हलवली.

आता कापायचं. छत थडथडू नये म्हणून आतून, रेघ सोडून बाजूला, कुणीतरी फळी दाबून धरायला हवी होती. दोघी बहिणी आत गेल्या. लोखंडाचा कीस सगळीकडे उडू नये म्हणून खाली जुनी चादर अंथरली, डोक्याला पदर घट्ट बांधले, डोळ्यांना चष्मे लावले आणि हात वर करून उभ्या राहिल्या. डेंटरने रेघेच्या आतल्या अंगाला पातं शिरेल एवढं भोक पाडलं, जिगसॉ उतरवला आणि चालू केला.

हळूहळू पातं रेघेवरून सरकू लागलं. थोडं कापून झालं की तो थांबायचा, तेल सोडायचा, आणि कापलेल्या फटीवर चिकटपट्टी मारायचा, म्हणजे मधली चकती लोंबकळू नये. असाच एकदा तो थांबला असताना मधल्या बारीक भोकातून खालचं बोलणं वर आलं.

"हात दुखला गं," ताई म्हणत होत्या. "पण तुझ्या नवऱ्याचं काम बघ. शिवणीसारखं चाललंय."

"त्यांना सांग की."

"मी सांगू? त्यांना आवडत नाही मी. कधी आले तरी हात मागे बांधून उभे. मला नेहमी वाटायचं, काय हा ताठा."

खाली एकदम हसण्याचा स्फोट झाला. फळीच हलायला लागली. "अगं, ताठा कसला? घाबरतात ते तुला! तू नखं विचारलीस ना बघायच्या दिवशी!"

"कसली नखं?"

"नखं कधी कापता म्हणून विचारलंस!"

"अगं, मी ते सगळ्यांनाच विचारते! धंद्याची सवय आहे माझी!"

डेंटर वर पालथा पडून हे ऐकत होता. जिगसॉ हातात, तेलाची बुदली तोंडापाशी. यंत्र चालू करावं की नाही, त्याला समजेना. शेवटी त्याने पत्र्यावर बोटाने टकटक केलं आणि भोकाला तोंड लावून म्हणाला, "ताई, मला ऐकू येतंय."



"मग ऐका," खालून ताईंचा आवाज आला. "काम चांगलं चाललंय. आणि हात पुढे ठेवत जा."

"हो," डेंटर म्हणाला, आणि पुढची रेघ त्याने इतकी सुरेख कापली की स्वतःलाच खरं वाटेना.

चकती सुटली तेव्हा ती दोघींनी खालून अलगद पेलली. एकदम आकाश आत आलं. त्या गोलात त्याला दोन चेहरे दिसले, दोघींच्या पदरांवर लोखंडाचा कीस चमकत होता. त्याला आजवर वाटलं होतं त्यापेक्षा त्या दोघी एकमेकींसारख्या दिसत होत्या.

पुढचं काम निवांत झालं. कानस घेऊन त्याने काठ घासला, मग कापड फिरवून बघितलं, कुठेच धागा अडकला नाही. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून त्याने छतावरचा कीस टिपून घेतला. तो राहिला तर गंज धरेल, हे सांगितल्यावर ताई हट्टाने चुंबक मागून घेऊन तो आतल्या कोपऱ्याकोपऱ्यात फिरवून आल्या. उघड्या काठाला प्रायमर लागला, वाळल्यावर रंग. दुसऱ्या दिवशी रबराखाली पाणी अडवणारं चिकट सिलंट भरून पंखा बसवला. तो अगदी मापात बसला. वेल्डरने बादलीने छतावर पाणी ओतलं, एकदा, दोनदा, मग नळीच लावली. आत ताई छताखाली मान वर करून उभ्या होत्या. एक थेंब आला नाही.

"अजून ओतू?" वेल्डरने विचारलं.

"पुरे आता!" तिघंही ओरडले.

ताईंच्या पहिल्या फेरीला डेंटर गाडी चालवायला गेला. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त पोस्टमन. ते कित्येक महिने घराबाहेर पडले नव्हते आणि त्यांचे केस मानेवर रुळत होते. मुलाने त्यांना चाकाच्या खुर्चीसकट फळीवरून वर चढवलं. मागचं दार उघडं ठेवून ताईंनी पंखा लावला, कात्री चालवली, बारीक केस फटक्यासरशी वर खेचले जाऊन जाळीला चिकटू लागले. पोस्टमनांनी आरशात बघितलं. गल्ली दिसत होती, तिच्यातून जाणारी माणसं दिसत होती. मान वळवून ते प्रत्येकाला हाक मारू लागले, आणि ताई दर वेळी त्यांचं डोकं सरळ करत राहिल्या.

"हलू नका हो, कान जाईल!"

"जाऊ दे. ही बघा, दहा नंबरवाली! हिची पत्रं मी टाकायचो!"

दहा नंबरवाली दारापाशी येऊन उभी राहिली. मग तिच्या मागून आणखी कुणी. केस कापून झाले तरी पोस्टमन खाली उतरायला तयार नव्हते. त्यांना परत घरात नेईपर्यंत दहा नंबरवालीने आपल्या सासूसाठी वेळ ठरवून टाकली होती.

गल्ली रिकामी झाल्यावर ताईंनी खुर्ची झटकली आणि डेंटरला खूण केली. "बसा."

"मी? नाही, मला कशाला?"

"आरशात बघा. मग विचारा कशाला."

तो बसला. ताईंनी गळ्याभोवती कापड बांधलं. वर पंखा फिरत होता, उघड्या दारातून थंड वारा आत येत होता. डेंटरने दोन्ही हात कापडाबाहेर काढून खुर्चीच्या हातांवर ठेवले.

"कल्ले ठेवू?" ताईंनी विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला विचाराल तर काढा. पण बायकोला विचारलंय का?"

"नाही."

"मग ठेवते," ताई म्हणाल्या, आणि कंगवा पाण्यात बुडवला.